ओल्ड स्कूल रूनस्केप: ट्युटोरियल आयलंड संपल्यावर पुढे काय?

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये ट्युटोरियल आयलंड, म्हणजे गेम शिकवणारं सुरुवातीचं बेट, संपलं की तुम्ही थेट लम्ब्रिज गावात येऊन उभे राहता. जवळच किल्ला, पलीकडे नदी, आजूबाजूला धावपळ करणारे इतर खेळाडू, आणि आता कुठे जायचं ते हाताला धरून सांगणारं कुणी नाही. नव्या माणसाची गाडी इथेच अडते. मग तो समोर दिसतील ते गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, मारत बसतो, आकडे हळूहळू वाढतात, आणि तासाभरात कंटाळा येतो. गेम कंटाळवाणा आहे असं त्याला वाटतं, पण खरं तर त्याला गेम अजून भेटलेलाच नसतो.

हा लेख त्या जागेपासून पुढे नेण्यासाठी आहे. सगळं फुकट खेळता येणाऱ्या भागातलंच आहे. माझं मुख्य सांगणं एवढंच की सुरुवातीचा हा सगळा प्रदेश एकमेकांत गुंतलेला आहे. कोंबडीची पिसं मासेमारीला लागतात, मासे लढाईत जीव वाचवतात, आणि लढाई जमली की क्वेस्ट, म्हणजे गेममधल्या पात्रांनी सोपवलेल्या मोहिमा, पूर्ण होतात. क्वेस्टमधून मिळणारा अनुभव तासन् तास मारामारी करण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. हे धागे ओळखले तर एकाच फेरीत तीन-चार कामं उरकतात. अशीच एक मोठी फेरी खाली मांडली आहे.

थोडी ओळख करून देतो. मूळ रूनस्केप २००१ साली आला. जॅगेक्स ही ब्रिटिश कंपनी तो चालवते. पुढे तो इतका बदलत गेला की जुन्या खेळाडूंनी जुनाच गेम परत मागितला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑगस्ट २००७ मधल्या स्थितीवर आधारलेली ही आवृत्ती सुरू झाली. २०१८ पासून ती मोबाइलवरही आहे. संगणकावर आणि फोनवर खातं एकच, पात्र एकच, त्यामुळे घरी मोठ्या पडद्यावर क्वेस्ट आणि बाहेर फोनवर मासेमारी असं आरामात जमतं.

ट्युटोरियल आयलंडवर काय लक्षात ठेवायचं

बेटावर घाई करू नका, कारण इथे परत येता येत नाही. तसं फार काही चुकण्यासारखं नाही. आयर्नमॅन नावाचा पर्याय दिसेल, तो पहिल्या पात्रासाठी घेऊ नका. आयर्नमॅनला इतर खेळाडूंशी व्यापार करता येत नाही, सगळं स्वतःच मिळवावं लागतं. गेम चांगला ओळखीचा झाल्यावर त्यात मजा आहे, आधी नाही.

बेट सोडताना तुमच्याकडे बऱ्याच वस्तू असतात: कांस्याची कुऱ्हाड, कुदळ, तलवार आणि खंजीर, लाकडी ढाल, धनुष्य आणि थोडे बाण, लहान जाळं, आग पेटवायला टिंडरबॉक्स, मंत्रांसाठी काही रून (मंत्र म्हणताना खर्च होणारे छोटे दगड), आणि एक बादली व एक मडकं. ही बादली आणि मडकं कचरा समजून फेकू नका किंवा दुकानात विकू नका. पहिल्याच क्वेस्टला दोन्ही लागतात.

लम्ब्रिजमध्ये आल्या आल्या

पहिलं काम बँक. किल्ल्याच्या जिन्याने सगळ्यात वरच्या मजल्यावर जा. तिथे तुमची २५ नाणीही पडलेली असतात. अंगावरच्या पिशवीत, म्हणजे इन्व्हेंटरीत, फक्त २८ जागा असतात, त्यामुळे बँकेत वस्तू ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आत्ता फक्त तलवार, ढाल, बादली, मडकं, नाणी आणि थोडं खाणं जवळ ठेवा. बाकीचं बँकेत टाका. याला आणखी एक कारण आहे. धावताना शक्ती खर्च होते, आणि अंगावर वजन जास्त असलं की ती लवकर संपते.

कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर पिवळे ठिपके म्हणजे गेममधली पात्रं आणि प्राणी, पांढरे म्हणजे इतर खेळाडू, लाल म्हणजे जमिनीवर पडलेली वस्तू. दूर जायचं असेल तर थेट या नकाशावर क्लिक करा. कुठल्याही गोष्टीवर राइट क्लिक केलं, किंवा फोनवर बोट दाबून धरलं, की काय काय करता येईल त्याची यादी उघडते. ही यादी वाचायची सवय लावा. नव्या खेळाडूच्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

मंत्रांच्या पानावर होम टेलिपोर्ट दिसेल. त्याला रून लागत नाहीत, अर्ध्या तासातून एकदा वापरता येतो आणि तुम्हाला लम्ब्रिजला आणून सोडतो. फक्त तो पूर्ण व्हायला काही सेकंद लागतात आणि लढाई चालू असताना चालत नाही. म्हणजे जीवावर बेतलं की पळायचा हा मार्ग नाही. तो परतीचा प्रवास वाचवण्यासाठी आहे. पुढच्या फेरीत तो नेमका कुठे वापरायचा ते सांगतो.

पहिली क्वेस्ट: स्वयंपाक्याला मदत

किल्ल्याच्या तळमजल्यावर स्वयंपाकघर आहे. तिथला स्वयंपाकी काळजीत असतो, कारण ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचाय आणि सामान नाही. त्याला एक अंडं, बादलीभर दूध आणि मडकंभर पीठ हवं असतं. ही क्वेस्ट छोटी आहे, पण मी ती प्रत्येक नव्या माणसाला पहिली करायला सांगतो, कारण तिच्या निमित्ताने लम्ब्रिजच्या सगळ्या महत्त्वाच्या जागा पायाखालून जातात.

किल्ल्यातून बाहेर पडून पूर्वेचा पूल ओलांडा. पलीकडे गॉब्लिन फिरत असतात, त्यांच्याकडे सध्या दुर्लक्ष करा. रस्त्याने उत्तरेकडे गेलात की कोंबड्यांचा वाडा लागतो. तिथे जमिनीवर अंडं मिळतं. दोन-चार कोंबड्या मारून पाहायलाही हरकत नाही. त्यांची पिसं उचलाच, ती फेकू नका. पुढे त्यांचं मोठं काम आहे. वाड्याजवळच गाईंचं कुरण आहे. इथल्या साध्या गाईंवर हल्ला करता येतो, दूध मात्र मिळत नाही. दुधाची गाय वेगळी असते. तिच्यावर क्लिक केलंत की बादली भरते.

आता पूल ओलांडून परत या आणि नदीच्या पश्चिम काठाने उत्तरेकडे जा. वाटेत मेंढ्यांचं कुंपण दिसेल, त्यापुढे शेत आणि गिरणी. शेतातून गहू तोडा. पीठ कसं करायचं यावर बरेच जण अडतात, म्हणून नीट सांगतो. गिरणीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जा. तिथल्या हॉपरमध्ये, म्हणजे धान्य टाकायच्या पेटीत, गहू टाका. टाकून थांबू नका, शेजारचा दांडा ओढा, तरच गहू खाली सरकतो. मग तळमजल्यावर उतरा आणि पिठाच्या पेटीवर क्लिक करा. जवळ रिकामं मडकं असेल तर पीठ त्यात भरलं जातं. मडकं बँकेत राहिलं असेल तर पीठ पेटीत तसंच थांबतं, पण तुमची एक फेरी वाढते.

सामान स्वयंपाक्याला दिलं की स्वयंपाकाचे ३०० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात आणि स्वयंपाकाची लेव्हल एकदम ४ वर जाते. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे आता किल्ल्याची चूल तुम्हाला वापरता येते. सुरुवातीचे काही पदार्थ या चुलीवर कमी करपतात. मासे भाजायला इथेच या.

लढाई शिकायची ती गाईंवर

लढाईचा टॅब उघडला की हल्ल्याचे प्रकार दिसतात. अॅक्युरेट निवडला तर अटॅक वाढतो, अॅग्रेसिव्हने स्ट्रेंग्थ, डिफेन्सिव्हने डिफेन्स. शत्रूच्या जिवाचा आकडा, म्हणजे हिटपॉइंट्स, तुमच्या वाराने जितका कमी होतो त्यातल्या दर एकाला निवडलेल्या कौशल्याचे ४ एक्सपी मिळतात, आणि तुमच्या हिटपॉइंट्सचा थोडा अनुभव आपोआप जमा होतो. म्हणजे तासभर एकाच प्रकारावर खेळलात तर एकच आकडा वाढणार. तिन्ही थोडेथोडे वाढवत राहा.

गॉब्लिनपेक्षा मला गाई जास्त आवडतात. गाय लेव्हल २ ची असते, तिला ८ हिटपॉइंट्स असतात, आणि मेल्यावर ती नेहमी तीन गोष्टी टाकते: हाडं, कच्चं मांस आणि कातडं. हाडं तिथल्या तिथे पुरा, प्रेयर (प्रार्थनेचं कौशल्य) वाढतो. मांस भाजा, स्वयंपाक वाढतो आणि खायला मिळतं. कातडी बँकेत साठवा. ती अल खरीद गावात कमावून घेता येतात, साध्या चामड्याला एक नाणं दराने. सुई आणि दोरा घेऊन त्याचे हातमोजे, बूट शिवले की क्राफ्टिंग वाढतं. एकाच कुरणावर चार कौशल्यांची सोय आहे.

अटॅक वाढला की शस्त्र बदला. कांस्य आणि लोखंड पहिल्या लेव्हललाच चालतं, पोलाद ५ ला, काळं शस्त्र १० ला, मिथ्रिल २० ला, अॅडमंट ३० ला आणि रून ४० ला (हे गेममधले धातू आहेत; हा रून म्हणजे मंत्रांचा दगड नव्हे). शस्त्राचा वेगही पाहा. गेममधला सगळा हिशोब ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतो. सिमिटार ही वाकडी तलवार दर चार टिकला वार करते, म्हणजे २.४ सेकंदांत एक. लाँगस्वोर्डला पाच टिक लागतात. नव्या खेळाडूने डोळे झाकून सिमिटार घ्यावी. अल खरीदमध्ये झीकचं सिमिटारचंच दुकान आहे. लम्ब्रिजकडून तिथे जाताना फाटकावर १० नाणी द्यावी लागतात. उत्तरेच्या व्हॅरॉक शहराच्या दक्षिण-पूर्वेकडून खाली उतरणारी वाट फुकट आहे, पण ती खाणीजवळून जाते आणि तिथले लेव्हल १४ चे विंचू स्वतःहून अंगावर येतात. सुरुवातीला १० नाणी देऊन मोकळं व्हावं हे बरं.

विंचू अंगावर येतात पण गाय येत नाही, याचा नियम समजून घ्या. काही शत्रू आक्रमक असतात. तुमची कॉम्बॅट लेव्हल, म्हणजे लढाईची एकूण लेव्हल, त्यांच्या लेव्हलच्या दुपटीहून जास्त झाली की साधारणपणे ते तुमच्या वाटेला जात नाहीत. बेटावरून उतरताना तुम्ही लेव्हल ३ चे असता, त्यामुळे सगळेच आक्रमक शत्रू तुमच्यावर धावून येणार. नव्या रस्त्याला लागण्याआधी जवळ खाणं ठेवा. हिटपॉइंट्स आपोआप भरतात, पण मिनिटाला एक या गतीने. लढाईत त्याचा काही उपयोग नाही.

कोळंबी आणि ट्राउट

खाणं म्हणजे मासे. सुरुवात लहान जाळ्याने कोळंबीपासून होते. लम्ब्रिजच्या दक्षिणेच्या दलदलीत आणि ड्रेनॉर गावाच्या किनाऱ्यावर ती मिळते. ड्रेनॉरची बँक अगदी जवळ असल्याने मला तीच जागा सोयीची वाटते. भाजलेली कोळंबी ३ हिटपॉइंट्स भरते. फार नाही, पण गाई-गॉब्लिनपुरतं चालून जातं.

फिशिंग २० झालं की खरी मजा सुरू होते. फ्लाय फिशिंग रॉड घ्या, पोर्ट सरिममधल्या मासेमारीच्या दुकानात ती मिळते. तुम्ही गोळा केलेली कोंबडीची पिसं आता आमिष म्हणून लागतात. बार्बेरियन व्हिलेजशेजारच्या नदीत ट्राउट आणि लेव्हल ३० पासून साल्मन मिळतात. ट्राउट ७ आणि साल्मन ९ हिटपॉइंट्स भरते. ट्राउट भाजायला स्वयंपाक १५ हवा, साल्मनला २५. पिशवीभर ट्राउट जवळ असले की या लेखातली कुठलीही लढाई तुम्ही निभावून नेऊ शकता.

मोठी फेरी

आता मुख्य गोष्ट. तीन क्वेस्ट आहेत: रेस्टलेस घोस्ट, रून मिस्ट्रीज आणि व्हॅम्पायर स्लेयर. एकेक करून केल्या तर त्याच रस्त्यावरून अनेकदा ये-जा होते. एकत्र गुंफल्या तर एका गोलात संपतात. निघण्याआधी लम्ब्रिजच्या जनरल स्टोअरमधून एक हातोडा विकत घ्या. अटॅक १० च्या आसपास आणि थोडं चांगलं खाणं असेल तर उत्तम.

लम्ब्रिजच्या चर्चमध्ये फादर एरेकशी बोला. बाजूच्या दफनभूमीत एक भूत फिरतंय, ते त्याला शांत करायचंय. मग किल्ल्याच्या मधल्या मजल्यावर ड्यूक होरेशिओला भेटा. तो एक ताईत देतो आणि विझर्ड्स टॉवरमध्ये पोहोचवायला सांगतो. दोन्ही क्वेस्ट सुरू झाल्या.

दक्षिणेला दलदलीत फादर उर्हनीची झोपडी आहे. एरेकचं नाव सांगितलं की तो भुतांची भाषा समजणारं लॉकेट देतो. ते नुसतं पिशवीत ठेवून उपयोग नाही, गळ्यात घाला. दफनभूमीत परत या, शवपेटी उघडून भुताशी बोला. त्याची कवटी हरवली आहे आणि ती विझर्ड्स टॉवरमध्ये आहे असं कळतं.

ताईतही तिथेच द्यायचाय. आता पश्चिमेला ड्रेनॉरकडे चालू लागा. वाटेत तुरुंगाची इमारत लागते. तिच्याभोवतीचे पहारेकरी लेव्हल २६ चे आणि आक्रमक आहेत, त्यामुळे इमारतीपासून लांबून, रस्त्याच्या दक्षिण बाजूने धावत जा. ड्रेनॉरमध्ये मॉर्गन नावाच्या गावकऱ्याच्या घरी थांबा आणि व्हॅम्पायर स्लेयर सुरू करा. त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात लसूण आहे, तो घेऊन ठेवा.

ड्रेनॉरच्या दक्षिणेला पूल ओलांडला की टॉवर. शिडीने तळघरात उतरा. आर्चमेज सेड्रिडोर तिथेच असतो. त्याला ताईत द्या, तो व्हॅरॉकमधल्या ऑबरी नावाच्या दुकानदारासाठी एक पुडकं देतो. याच तळघरातल्या वेदीत ती कवटी आहे. ती उचलताच लेव्हल १३ चा सांगाडा उठतो आणि हल्ला करतो. त्याला मारायची काही गरज नाही. शिडीकडे धावा, वर या, टॉवरबाहेर जरा सुरक्षित जागी थांबा आणि होम टेलिपोर्ट लावा. तुम्ही लम्ब्रिजला पोहोचता, चर्च तिथून हाकेच्या अंतरावर. कवटी शवपेटीत ठेवली की प्रेयरचे १,१२५ एक्सपी मिळतात. पहिल्या लेव्हलला असाल तर एकदम ९ वर. तेवढ्यासाठी साधी हाडं पुरत बसलात तर अडीचशे लागतील, कारण एका हाडाला ४.५ एक्सपी मिळतात.

आता उत्तरेला व्हॅरॉक. इथे एक धोका आहे, तो नीट लक्षात ठेवा. शहराच्या दक्षिण वेशीबाहेर दगडांचं एक वर्तुळ आहे आणि त्यात डार्क विझर्ड उभे असतात, काही लेव्हल ७ चे, काही २० चे. ते दुरून मंत्र मारतात आणि नव्या खेळाडूला वेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. म्हणून नदीच्या पूर्वेकडून, गाईंच्या कुरणाच्या बाजूने वर चढा आणि पूर्वेच्या वेशीतून शहरात शिरा. वाट थोडी लांबची आहे, पण सुखरूप आहे. या वाटेने आलात की पूर्वेची बँक आणि ऑबरीचं रूनचं दुकान दोन्ही जवळच लागतात. ऑबरीला पुडकं द्या, तो सेड्रिडोरसाठी टिपणं देतो. ती जपून ठेवा.

मग दक्षिण वेशीजवळच्या ब्लू मून इनमध्ये जा. वेशीच्या बाहेर मात्र पडू नका. इथे डॉक्टर हार्लो बसलेला असतो. त्याला एक बिअर विकत घेऊन दिली की तो व्हॅम्पायर मारण्यासाठी लाकडी खुंटा देतो. व्हॅरॉकमध्ये आलातच आहात तर शहर एकदा पायी फिरून घ्या. पश्चिमेच्या बँकेच्या दक्षिणेला ऐरणी आहेत, तलवारींचं, चिलखतांचं, धनुष्यांचं अशी वेगवेगळी दुकानं आहेत, आणि वायव्येला ग्रँड एक्स्चेंज आहे. त्याविषयी पुढे.

शहराच्या पश्चिमेला बार्बेरियन व्हिलेज. फिशिंग २० असेल तर इथेच ट्राउट भरून घ्या. गावाच्या मधोमध जमिनीत एक विवर आहे, तो स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटीचा रस्ता. नव्या खेळाडूला पैसे मिळवून देणारी यापेक्षा चांगली जागा नाही. चार मजले आहेत. पहिल्या तीन मजल्यांच्या शेवटी अनुक्रमे २,०००, ३,००० आणि ५,००० नाणी मिळतात, चौथ्यावर बुटांची जोडी. दारोदारी खात्याच्या सुरक्षेबद्दल प्रश्न विचारले जातात, आणि ते मनापासून वाचण्यासारखे आहेत. आतले प्राणी आक्रमक आहेत, पण दारापासून दारापर्यंत धावत गेलात तर लढावं फार कमी लागतं. पहिल्या फेरीत पहिला मजला आणि त्याची २,००० नाणी पुरेशी आहेत. खालचे मजले अंगात थोडं बळ आल्यावर करा.

बार्बेरियन व्हिलेजहून दक्षिणेला उतरणारी वाट ड्रेनॉर मॅनरकडे जाते. तिथल्या तळघरात काउंट ड्रेनॉर झोपलाय, लेव्हल ३४. जाण्याआधी पिशवी तपासा: खुंटा, हातोडा, लसूण, बाकी सगळे ट्राउट. लसूण जवळ असला की तो दुबळा होतो. खुंटा आणि हातोडा नसेल तर त्याला शेवटचा घाव घालता येत नाही, आणि सगळी मेहनत वाया जाते. आत शिरल्यावर पुढचा दरवाजा आतून उघडत नाही, त्याने दचकू नका. बाहेर पडायचा रस्ता वाड्याच्या पूर्व बाजूने आहे. शवपेटी उघडली की लढाई सुरू होते. हिटपॉइंट्स निम्म्यावर आले की खा, आणखी एक वार होऊ दे म्हणून थांबू नका.

तो मेला की अटॅकचे ४,८२५ एक्सपी मिळतात. अटॅक १० वर असेल तर तो २२ वर जातो आणि मिथ्रिलची तलवार हातात घेता येते. तेवढाच अनुभव गाई मारून मिळवायचा तर एका गाईचे ३२ एक्सपी धरून सुमारे १५० गाई माराव्या लागल्या असत्या. सुरुवातीला क्वेस्ट करा असं मी सगळ्यांच्या मागे लागतो ते यासाठी.

जाता जाता दक्षिणेला टॉवरवर ऑबरीची टिपणं सेड्रिडोरला देऊन टाका. रून मिस्ट्रीज संपली, आणि रून इसेन्सच्या खाणीत जायची परवानगी मिळाली. रूनक्राफ्ट, म्हणजे रून बनवण्याचं कौशल्य, तिथून सुरू होतं.

यानंतर खाणकामाकडे वळायचं असेल तर फॅलडोर शहराच्या उत्तरेला डोरिक नावाचा बुटका आहे. ६ चिकणमाती, ४ तांब्याचे आणि २ लोखंडाचे खडे दिले की तो मायनिंगचे १,३०० एक्सपी देतो. आणि स्मिथिंग वाढवायचं असेल तर नाइट्स स्वोर्ड ही क्वेस्ट सोडू नका. तिचे १२,७२५ एक्सपी स्मिथिंगला पहिल्या लेव्हलवरून २९ वर नेतात. त्यासाठी मायनिंग १० लागतं आणि बर्फाच्या गुहेत आक्रमक राक्षसांमधून धावत जावं लागतं, म्हणून ती काउंटनंतरच.

मेलात तर

मरणार तर आहातच कधीतरी. घाबरू नका. मेल्यावर सर्वांत किमती तीन वस्तू तुमच्याजवळ राहतात आणि तुम्ही लम्ब्रिजला परत येता. बाकीचं सामान मेलेल्या जागी थडग्यात १५ मिनिटं थांबतं. शांतपणे थोडं खाणं घ्या आणि ते आणायला जा. बँकेतल्या वस्तूंना काही होत नाही. म्हणून लढाईला न लागणारं काहीही अंगावर वागवू नका.

हे वाइल्डरनेसला लागू नाही. व्हॅरॉक आणि एजव्हिलच्या उत्तरेला एक चर आहे, त्याच्यापलीकडे, म्हणजे वाइल्डरनेसमध्ये, इतर खेळाडू तुम्हाला मारू शकतात आणि सामान घेऊन जाऊ शकतात. चर ओलांडताना गेम इशारा देतो, तो वाचून मागे फिरा. ‘चल, तुला एक भारी जागा दाखवतो’ म्हणत कुणी अनोळखी उत्तरेकडे नेऊ लागला तर जाऊ नका.

पैसे आणि फसवणूक

ग्रँड एक्स्चेंजमध्ये तुम्ही वस्तू आणि भाव टाकता, गेम गिऱ्हाईक शोधून देतो. फुकट खात्याला एकावेळी तीन सौदे लावता येतात. अगदी नव्या खात्याला काही वस्तूंची विक्री बंद असते. थोडे तास खेळून, लेव्हल आणि क्वेस्ट पॉइंट्स वाढल्यावर ती सुटते. कातडी विकली जात नाहीत म्हणून वैतागू नका, साठवत राहा.

ग्रँड एक्स्चेंजच्या गर्दीत ‘पैसे दुप्पट करून देतो’ म्हणणारे हमखास भेटतात. पहिल्यांदा छोटी रक्कम खरंच दुप्पट देतात, मोठी दिली की गायब. ‘चिलखत ट्रिम करून देतो’, म्हणजे त्याला नक्षीची किनार लावून देतो, असं म्हणणाऱ्याला चिलखत दिलं की तेही गेलंच. व्यापाराचं दुसरं, खात्री करायचं पान प्रत्येक वेळी वाचा, कारण पहिल्या पानावर असलेली वस्तू शेवटच्या क्षणी बदलली जाऊ शकते. पासवर्ड चॅटमध्ये कधीच टाइप करू नका, उलटा लिहून दाखव म्हटलं तरीही नाही. खात्याला ऑथेंटिकेटर (लॉगिनच्या वेळी फोनवरचा जादा कोड मागणारी सोय) लावा आणि बँकेला चार आकडी पिन. ही दोन्ही कामं पहिल्याच आठवड्यात करा, पहिल्या दिवशी झाली तर आणखी चांगलं.

मेंबरशिप कधी घ्यावी

मेंबरशिप म्हणजे पैसे भरून उघडणारा गेमचा बाकीचा भाग. फुकट भागात १५ कौशल्यं आहेत आणि वर सांगितलेलं सगळं त्यात बसतं. मला विचाराल तर वरची फेरी, स्ट्राँगहोल्डचे चारही मजले आणि फॅलडोरकडच्या दोन्ही क्वेस्ट होईपर्यंत पैसे खर्च करू नका. तोवर गेम आपल्याला आवडतो की नाही ते कळतं. मेंबर झालात तरी पात्र तेच राहतं. मेंबरशिप संपली तर मेंबरांच्या वस्तू बँकेत तशाच राहतात, फक्त वापरता येत नाहीत. गेममधली नाणी भरपूर जमली तर ग्रँड एक्स्चेंजवरून बाँड घेऊन १४ दिवसांची मेंबरशिप मिळवता येते, पण नव्या खेळाडूने त्यामागे लागू नये. तेवढी नाणी जमवण्यात सगळा वेळ जातो आणि खेळायचं राहून जातं.

मेंबर झाल्यावर पहिली क्वेस्ट वॉटरफॉल क्वेस्ट करा. अटॅक आणि स्ट्रेंग्थ दोन्हींचे प्रत्येकी १३,७५० एक्सपी मिळतात, म्हणजे दोन्ही पहिल्या लेव्हलवरून थेट ३० वर. वाटेतल्या राक्षसांशी न लढता, फक्त खात आणि धावत ती पूर्ण होते. सोबत दोर आणि पिशवीभर ट्राउट न्या.